कॅल्शियम जास्त म्हणून ऑपरेशन, मग घरी आल्यावर कॅल्शियमच्याच गोळ्या कशाला?

पत्र, थोडं कमी करून:

"नमस्कार सिस्टर. मी ५२ वर्षांची, बार्शीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. काही वर्षांपासून हाडं दुखतात, दमायला होतं, दोनदा मूतखडा झाला. सगळे म्हणाले पाळी जायचं वय आहे, असंच होणार. आता नव्या डॉक्टरांनी कॅल्शियम तपासलं तर ११.९ आलं, परत केलं तर ११.७. पीटीएच २१०, व्हिटॅमिन डी ११. पॅराथायरॉइडची गाठ आहे म्हणतात आणि गळ्याचं ऑपरेशन सांगितलंय. सोनोग्राफीत डावीकडे खाली काहीतरी दिसतंय पण न्यूक्लियर स्कॅनमध्ये स्पष्ट काही नाही. सोलापूरचे सर्जन म्हणतात करून टाकू, मुलगा म्हणतो पुण्याला ये, जाऊबाई म्हणतात दूध बंद कर आपोआप उतरेल. मला भीती आवाजाची आहे, दिवसभर वर्गात बोलावं लागतं. आणि चारही ग्रंथी काढल्या तर शरीर चालणार कसं? दिवाळीच्या सुट्टीत करू की मे महिन्यात? शेजारच्या बाईंच्या बहिणीला हेच ऑपरेशन करून घरी आल्यावर हात वाकडे झाले, परत ॲडमिट करून कॅल्शियम लावावं लागलं. जास्त आहे म्हणून ऑपरेशन आणि नंतर तेच लावायचं, हे काय गौडबंगाल आहे?"

ताई, नमस्कार. पत्र नीट वाचलं, रिपोर्टचे फोटो पण झूम करून बघितले. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, सर्जरीच्या वॉर्डात आयुष्य काढलेली सिस्टर आहे, त्यामुळे गोळीचा डोस मी सांगणार नाही, तो तुमचे डॉक्टर ठरवतील. पण या ऑपरेशनचे पेशंट आणि खास करून ऑपरेशननंतरचे त्यांचे दिवस मी फार जवळून बघितलेत, आणि माझं स्पष्ट मत आहे की ऑपरेशन करून घ्या, सवयीच्या हातातून करून घ्या, आणि घरी आल्यावरचा पहिला आठवडा ऑपरेशनइतकाच मोठा समजा. लोकं नेमका तोच आठवडा हलक्यात घेतात.

तुमच्या गौडबंगालापासूनच सुरू करू, कारण ते एकदा लक्षात आलं की बाकी निम्मी भीती तिथेच जाते.

गळ्यात थायरॉइडच्या मागच्या बाजूला बहुतेकांना चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, मसुराच्या दाण्याएवढ्या, एकेकीचं वजन जेमतेम ३० ते ५० मिलिग्रॅम. नाव सारखं असलं तरी थायरॉइडच्या कामाशी यांचा काही संबंध नाही, यांचं काम एकच, रक्तातल्या कॅल्शियमवर नजर ठेवायची. कमी झालं की पीटीएच नावाचं हार्मोन सोडायचं, ते हाडांतून कॅल्शियम काढतं, किडनीला सांगतं लघवीतून जाऊ देऊ नको, आणि व्हिटॅमिन डी चालू करून आतड्यातून जास्त शोषायला लावतं. पुरेसं झालं की ग्रंथीने गप्प बसायचं. तुमच्या बाबतीत बहुधा एक ग्रंथी गप्पच बसत नाहीये, कॅल्शियम भरपूर असूनही ती पीटीएच सोडतच राहतेय. म्हणजे रक्तात जे जास्तीचं कॅल्शियम दिसतंय ते बरंचसं तुमच्या स्वतःच्या हाडांतून निघालंय, आणि जे लघवीत उतरतंय त्याचे खडे होतायत. हाडं दुखणं आणि मूतखडा ही दोन वेगळी दुखणी नाहीत, एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

आता ती गाठ काढली की काय होतं बघा. पीटीएच रक्तात फार वेळ टिकत नाही, काही मिनिटांत निम्म्यावर येतं. बाकीच्या तीन ग्रंथी इतकी वर्षं कामच नसल्यामुळे झोपलेल्या असतात, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. आणि हाडं, ज्यांच्यातून वर्षानुवर्षं काढलं गेलं, ती एकदम परत भरून घ्यायला लागतात. आपल्याकडे उन्हाळ्याने भेगाळलेल्या रानात पहिला पाऊस पडला की ओढ्याला पाणी दिसतच नाही, सगळं जमीन पिऊन टाकते, अगदी तसंच होतं. रक्तातलं कॅल्शियम खाली जातं, आणि सगळ्यात खाली जातं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे नेमकं पेशंट घरी पोचलेला असतो तेव्हा. बहुतेकांना थोडंसंच उतरतं आणि गोळ्यांवर भागतं. ज्यांचा आजार जुना, हाडं जास्त झिजलेली, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांची उलाढाल दाखवणारी रक्ताची टेस्ट) वाढलेलं, व्हिटॅमिन डी कमी, त्यांना जोरात उतरतं, त्याला हंग्री बोन म्हणजे भुकेली हाडं म्हणतात. शेजारच्या बाईंच्या बहिणीला हेच झालं असणार. त्यात ऑपरेशन फसलं असा अर्थ नाही, उलट गाठ निघाली म्हणूनच हाडं भरायला लागली, फक्त त्यांना पुरेसं कॅल्शियम वेळेवर मिळालं नाही.

हे दिसतं कसं ते पण सांगते, कारण तुम्हाला आणि घरच्यांना ओळखता यायला पाहिजे. आमच्या वॉर्डात एक बाई होत्या, ऑपरेशन मस्त झालेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा बिस्किट खाऊन बसलेल्या, रात्री मी राउंडला गेले तर म्हणाल्या सिस्टर ओठाभोवती मुंग्या आल्यासारखं होतंय, बोटांची टोकं पण बधिर वाटतायत, झोपले म्हणून असेल. मी बीपीचा पट्टा बांधून फुगवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला, तर हाताची बोटं आपोआप सरळ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात गेला आणि मनगट आत वळलं, बांगड्या भरताना हात करतो ना तसा. त्यांना दुखत होतं आणि हात सोडवता येत नव्हता. लगेच डॉक्टरांना बोलावलं, रक्त पाठवलं, मॉनिटर लावून शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं, आणि हात मोकळा झाला. त्या वॉर्डात होत्या म्हणून निभावलं. घरी असत्या तर घरच्यांनी आधी हाताला तेल लावून चोळलं असतं.

म्हणून लक्षात ठेवा, ओठाभोवती किंवा बोटांना मुंग्या ही पहिली सूचना. डॉक्टरांनी जादा गोळी कधी आणि किती घ्यायची ते सांगितलेलं असेल, ती लगेच घ्यायची आणि त्यांना फोन करायचा. पायात गोळे येतायत, बोटं वळतायत, छातीत धडधडतंय, तर फोन करत बसायचं नाही, सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं आणि आत शिरताच सांगायचं की पॅराथायरॉइडचं ऑपरेशन झालंय, कॅल्शियम तपासा. हे वाक्य मिस्टरांना आणि मुलाला पाठ करायला लावा, कारण नाहीतर मुंग्या म्हटल्यावर बी-१२ चं इंजेक्शन देऊन परत पाठवणारे पण भेटतात.

आता जाऊबाईंचं दूध. त्या प्रेमानेच सांगतायत पण ते चुकीचं आहे. तुमचं कॅल्शियम दुधाने वाढलेलं नाही आणि दूध बंद करून उतरणार नाही, उलट पोटातून कमी मिळालं तर ती ग्रंथी हाडांतून आणखी ओढेल. दूध, दही, ताक, भाकरी, भाजी नेहमीसारखं चालू द्या. बंद करायची गोष्ट वेगळी आहे, हाडं दुखतात म्हणून तुम्ही इतकी वर्षं स्वतःच मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणून खाताय असं तुम्ही लिहिलंय, त्या कॅल्शियम इतकं वाढलेलं असताना घ्यायच्या नाहीत, त्या आजच डॉक्टरांना दाखवा. आणि मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून व्हिटॅमिन डी चं ६ लाख युनिटचं इंजेक्शन तर अजिबात टोचून घेऊ नका. डी ११ म्हणजे कमी आहे आणि ऑपरेशनच्या आधी ते भरून काढलेलं चांगलंच, त्याने नंतरचं कॅल्शियमचं उतरणं सौम्य होतं, पण ते एंडोक्रिनोलॉजिस्टच्या म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या नजरेखाली, बेताच्या डोसने, मधेमधे कॅल्शियम तपासत भरायचं असतं.

पाणी भरपूर प्या. शाळेत बायका पाणी कमी पितात, का ते मला वेगळं सांगायला नको, बाथरूमची सोय नसते, पण या आजारात पाणी कमी पडलं की रक्तातलं कॅल्शियम आणखी चढतं आणि खडा पण होतो. नवरात्राचे उपवास करत असाल तर करा पण निर्जळी काही करू नका. जुलाब, उलट्या, ताप असं काही झालं आणि पाणी पोटात ठरत नसेल तर दोन दिवस वाट न बघता दवाखान्यात जा. आणि तुमची बीपीची गोळी एकदा काढून बघा, नावाच्या पुढे एच किंवा सीटी असं असेल तर त्यात लघवी वाढवणारं एक औषध असतं जे लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं, म्हणजे रक्तात आणखी वाढवतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण डॉक्टरांना विचारून बदलून घ्यायची.

ऑपरेशन खरंच लागतंय का, असं तुम्ही सरळ विचारलं नाहीत पण पत्रभर ते जाणवतंय. बहुतेक लॅबमध्ये कॅल्शियमची वरची मर्यादा १०.२ ते १०.५ असते, तुमचं त्याच्या १ पेक्षा जास्त वर आहे, दोनदा खडा झालाय, हाडं दुखतायत, यातलं एकेक कारण पण ऑपरेशनला पुरेसं धरतात. औषध आहे एक, सिनाकॅल्सेट म्हणून, पण ते ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही त्यांच्यासाठी, ते रक्तातलं कॅल्शियम उतरवतं पण हाडं भरून देत नाही. आजार मुळातून जातो तो गाठ काढूनच, आणि सवयीच्या सर्जनच्या हातून १०० पैकी ९५ च्या वर पेशंट एकाच ऑपरेशनमध्ये बरे होतात. पहिलं असं ऑपरेशन १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी एका ट्राम कंडक्टरवर केलं होतं, म्हणजे १०० वर्षांचा अनुभव पाठीशी असलेली गोष्ट आहे ही. गाठ म्हटल्यावर कॅन्सरची शंका येतेच, तुम्ही कंसात लिहून परत खोडलंय ते मला दिसलं. या आजारात कॅन्सर १०० पैकी एकालाही नसतो, ॲडेनोमा म्हणजे साधी गाठ, ती मनातून काढून टाका.

त्याआधी दोन तपासण्या झाल्यात का बघा, मला तुमच्या फोटोंमध्ये दिसल्या नाहीत. एक २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम. लॅबवाले मोठा कॅन देतात, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि मग दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी त्यात जमा करायची, किचकट आहे, रविवारी करा. पण ती महत्त्वाची, कारण काही घराण्यांत जन्मापासूनच कॅल्शियम थोडं जास्त असतं आणि लघवीतून फार कमी जातं, त्यांना ऑपरेशनचा काही उपयोग नसतो. तुम्हाला खडे झालेत म्हणजे तसं असण्याची शक्यता कमीच, पण चीर देण्याआधी खात्री केलेली बरी. दुसरी डेक्सा, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारा स्कॅन, आणि ती करताना सांगायचं की कंबर आणि खुब्याबरोबर मनगटाच्या वरचं हाताचं हाड पण घ्या, या आजारात ते सगळ्यात आधी झिजतं आणि नेहमीच्या डेक्सात ते घेतच नाहीत. आणि तुमच्या भावंडांत, आईवडिलांत कोणाला असंच जास्त कॅल्शियम किंवा मूतखडे, खास करून लहान वयात, असं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

स्कॅनचं टेन्शन घेऊ नका. हा आजार ठरतो रक्ताच्या रिपोर्टवर, कॅल्शियम जास्त असताना पीटीएच पण जास्त, झालं निदान. स्कॅन फक्त गाठ कुठे लपलीय ते शोधायला असतो. गाठ लहान असेल किंवा एकापेक्षा जास्त ग्रंथी वाढलेल्या असतील तर स्कॅनमध्ये दिसत नाही, त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. सर्जन कदाचित फोर-डी सीटी किंवा कोलीन पेट असा आणखी एखादा स्कॅन सांगतील. पण "स्कॅनमध्ये काही नाही म्हणजे तुम्हाला काही नाही, सहा महिन्यांनी बघू" असं कोणी म्हणालं तर दुसऱ्याचं मत घ्या.

इथेच सोलापूर की पुणे हा तुमचा प्रश्न येतो. शहराचं मला काही देणंघेणं नाही, हात कोणाचा आहे याचं आहे. गर्भात असताना खालच्या दोन ग्रंथी थायमसबरोबर (छातीत वरच्या बाजूला असणारी एक ग्रंथी) खाली सरकत येतात, त्यामुळे कधी त्या वर राहतात, कधी पार छातीत जाऊन बसतात. चार्ल्स मार्टेल नावाचे अमेरिकेतले जहाजावरचे कॅप्टन होते, या आजाराने हाडं इतकी गेली की उंची कित्येक इंच कमी झाली, त्यांच्या गळ्याची ऑपरेशनवर ऑपरेशनं झाली आणि गाठ मिळेचना, शेवटी १९३२ मध्ये बॉस्टनला सातव्या ऑपरेशनला ती छातीत सापडली. तोवर फार उशीर झाला होता, मूतखड्याच्या त्रासातच ते काही आठवड्यांत गेले. आज इतके स्कॅन आहेत, तसं सहसा होत नाही, पण गाठ नेमकी कुठे दडू शकते आणि निरोगी ग्रंथी कशी दिसते हे हाताला आणि डोळ्याला माहीत असलेला सर्जन पाहिजे ही गोष्ट आजही तेवढीच खरी आहे. चरबीच्या बारक्या गोळ्यात आणि पॅराथायरॉइडमध्ये फरक ओळखणं हे पुस्तक वाचून येत नाही.

म्हणून सोलापूरच्या डॉक्टरांनाच न लाजता विचारा, थायरॉइडची नाही, पॅराथायरॉइडची ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? एकही गाठ स्कॅनमध्ये पक्की दिसली नाही तर चारही बघणार का? ऑपरेशन चालू असताना पीटीएच तपासायची सोय आहे का? नंतरचं कॅल्शियम कोण बघणार, एंडोक्रिनोलॉजिस्ट आहेत का? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो. त्यांनी नियमित केली असतील तर सोलापूरला बिनधास्त करा, घराजवळ असण्याचे फायदे खूप. वर्षातून एखादं म्हणाले तर मुलाचं ऐका. ईएनटी की जनरल सर्जन यावर वाद घालू नका, सवय बघा. एंडोक्राइन सर्जरी हा आता वेगळा विषय आहे, लखनौच्या एसजीपीजीआय या मोठ्या सरकारी संस्थेत त्याचं एम.सीएच.चं, म्हणजे एमएसच्याही पुढचं, शिक्षण मिळतं, असे शिकलेले सर्जन मोठ्या शहरांत सापडतात. तुमच्या केसमध्ये स्कॅन अस्पष्ट आहे, म्हणून मी हे इतकं ताणून सांगतेय.

चारही काढतील का? नाही. शंभरातल्या ८० ते ८५ जणांत एकच गाठ असते, ती काढतात आणि बाकीच्या तीन ठेवतात, आणि शरीर एका चांगल्या ग्रंथीवर सुद्धा चालतं. चारही वाढलेल्या असल्या तर साडेतीन काढून अर्धी ठेवतात. ऑपरेशनमध्ये पीटीएच तपासायची जी सोय मी म्हटली ती यासाठीच, गाठ काढायच्या आधी रक्त घेतात आणि काढल्यावर १० मिनिटांनी परत, पीटीएच निम्म्याहून खाली आलं तर काम झालं, नाही आलं तर आणखी एक कुठेतरी आहे, गळा शिवायच्या आधीच कळतं. किडनी फेल झालेल्या, डायलिसिसवरच्या पेशंटचं पॅराथायरॉइडचं ऑपरेशन वेगळं असतं, त्यांच्या गोष्टी ऐकून स्वतःला लावून घेऊ नका.

आवाज. ही भीती खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही, शिक्षिकेचा आवाज म्हणजे तिची नोकरी. आवाजाची नस या ग्रंथींच्या अगदी जवळून जाते. अनुभवी हातात ती कायमची दुखावण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. काही जणांचा आवाज थोडे दिवस किंवा काही आठवडे बसतो आणि मग सुधारतो. पहिले दोनतीन दिवस घसा जो खवखवतो तो बहुतेक वेळा भुलीच्या नळीमुळे, त्याला घाबरायचं नाही. तुम्ही इतकंच करा, ऑपरेशनच्या आधी ईएनटीकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्या म्हणजे आधीची स्थिती कागदावर राहील, आणि सर्जनला स्पष्ट सांगा की मी वर्गात मोठ्याने बोलते, मुलांवर ओरडावं लागतं, कविता चालीवर म्हणाव्या लागतात. वरच्या पट्टीची एक वेगळी बारीक नस असते, ती जपतात मग. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनीही आवाज घोगरा राहिला किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल तर परत ईएनटीला दाखवा, स्पीच थेरपीचा चांगला उपयोग होतो.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही झोपलेल्याच असणार. तासा-दोन तासांचं काम, गाठ नाही मिळाली तर थोडं जास्त. गळ्याच्या घडीत तीनचार सेंटिमीटरची चीर, टाके बहुतेक आतल्या आत विरघळणारे. संध्याकाळी चहा, मऊ भात, खिचडी मिळते. पहिल्या २४ तासांत गळा पुढून फुगला, श्वास घेताना आवळल्यासारखं झालं, तर नर्सला तिथल्या तिथे हाक मारायची, बेल दाबून वाट बघत बसायचं नाही. हे क्वचित होतं पण आत रक्त साठलं तर मिनिटांचा प्रश्न असतो. रात्री सोबतीला जे राहतील त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

मंगळसूत्र ऑपरेशनच्या वेळी काढावंच लागतं, आणि जखम भरेपर्यंत घालू नका, मणी जखमेवर घासतात आणि घामाने तिथे चिघळतं. सासूबाईंना मी सांगितलंय म्हणून सांगा. जखम पूर्ण बुजल्यावर सिलिकॉन जेल लावा, उन्हात जाताना ओढणी किंवा पदर गळ्यावर घ्या, वर्षभरात तो व्रण गळ्याच्या रेषेत मिसळून जातो. मान आखडून धरू नका, दुसऱ्या दिवसापासून हळूहळू इकडेतिकडे वळवा. दोन आठवडे पाण्याची कळशी, गॅसची टाकी उचलायची नाही. स्कूटी मान मोकळी वळेल तेव्हाच.

घरी येताना डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको. कॅल्शियमची गोळी किती आणि कधी, मुंग्या आल्या तर जादा किती, आणि पुढची कॅल्शियमची टेस्ट कोणत्या तारखेला. ही टेस्ट घरी आल्यावर एकदोन दिवसांतच पाहिजे आणि मग आठवड्याने परत, "टाके बघायला याल तेव्हा करू" नको. ती बार्शीतच करून रिपोर्ट पाठवता येतो. अल्ब्युमिन बरोबर करायला सांगा कारण ते कमी असेल तर कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. मुंग्या असूनही कॅल्शियम चढत नसेल तर मॅग्नेशियम बघायला सांगा.

गोळ्यांच्या वेळा हा घोळ घराघरात होतो. तुम्ही थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेता, मग कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी, नाहीतर थायरॉइडची गोळी वाया जाते. रक्तवाढीची लोहाची गोळी पण वेगळ्या वेळी. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, उपाशीपोटी नीट लागत नाही. आणि गॅसची गोळी तुम्ही रोज सकाळी घेता असं लिहिलंय, ती पोटातलं आम्ल कमी करते त्यामुळे कार्बोनेट शोषलं जात नाही, तर डॉक्टरांना विचारा की गॅसची गोळी थांबवू की कॅल्शियम सायट्रेट देता. एवढ्या एका गोष्टीने मुंग्या थांबलेले पेशंट मी बघितलेत. सोबत बहुधा कॅल्सिट्रिऑलच्या, म्हणजे चालू स्वरूपातल्या व्हिटॅमिन डी च्या, कॅप्सूल देतील. एक कागद करा, वेळा लिहा, फ्रिजवर चिकटवा. बद्धकोष्ठ होईल, पाणी प्या, सांगा डॉक्टरांना, पण त्यासाठी कॅल्शियम स्वतःहून बंद करू नका. आणि बरं वाटतंय म्हणून वर्षानुवर्षं चालू पण ठेवू नका, काही आठवड्यांत रिपोर्ट बघत बघत डॉक्टर कमी करत आणतात.

काय सुधारेल हे खरं सांगते. हाडांची खोल दुखणारी ठणक बऱ्याच जणांची काही आठवड्यांत कमी होते. तहान, रात्री सारखं लघवीला उठणं कमी होतं. डेक्सा पुढच्या वर्षा-दोन वर्षांत वर येते. नवे खडे होण्याचं प्रमाण घटतं, पण किडनीत आधीच बसलेला खडा ऑपरेशनने विरघळत नाही, त्याची सोनोग्राफी चालू ठेवा. दमणूक, विसराळूपणा, उगाच रडू येणं, हे कोणाचं झटकन जातं, कोणाचं हळूहळू, कोणाचं फारसं नाही. इतकी वर्षं तुम्हाला "वयाचं आहे" म्हणून गप्प केलं गेलं, त्याचा राग येणं साहजिक आहे, मलाही आला तुमचं पत्र वाचून. बाईने हाडं दुखतात म्हटलं की कॅल्शियमची गोळी लिहून देतात आणि रक्तातलं कॅल्शियम साध्या टेस्टने आधी बघत नाहीत.

दिवाळी की मे? दिवाळी. तुमची इमर्जन्सी नाही, तोवर डी भरून होईल, बाकीच्या तपासण्या होतील, सर्जनची दोन मतं घेता येतील. पण मे पर्यंत हाडांतून काढणं चालूच राहणार, त्यात उन्हाळा, पाणी कमी, खड्याला आमंत्रण. मधल्या काळात कॅल्शियम महिन्याने एकदा बघा, १२ च्या पुढे सरकत असेल, किंवा मळमळ, फार तहान, बोलताना गोंधळ असं काही झालं तर सुट्टीची वाट बघायची नाही. शाळा दोन आठवड्यांनी सुरू करा, पहिले काही दिवस फळ्यावर जास्त लिहा, मोठ्या मुलांना वाचायला लावा, परिपाठ दुसऱ्या शिक्षकांकडे द्या. वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी बिलं आणि डिस्चार्ज कार्डाच्या मूळ प्रती एका फायलीत ठेवा, आणि ॲडमिट होण्याआधीच ऑफिसला विचारून घ्या कोणते कागद लागतात, नंतर हॉस्पिटलच्या खेपा पडतात.

आणि सहा महिन्यांनी कॅल्शियम परत करायचं, ते नॉर्मल असेल तर आजार गेला असं धरतात. त्या वेळी पीटीएच थोडं जास्त दिसलं आणि कॅल्शियम बरोबर असलं तर गाठ राहिली म्हणून रडत बसू नका, बऱ्याचदा डी कमी असतं किंवा हाडं अजून भरत असतात, डॉक्टरांना दाखवा. पुढे वर्षातून एकदा कॅल्शियम. सर्जनने ऑपरेशनं किती करतात याचं काय उत्तर दिलं ते मला कळवा, आणि २४ तासांच्या लघवीचा रिपोर्ट आला की तो आधी त्यांना दाखवा, मग तारीख घ्या.